जुबेरनं सांगितलं नव्हतं

लातूर
१९ जानेवारी २०२५

सुगत, जयभीम.

परवा तुला मेसेज केला, जुबेर गेला म्हणून. तुझं उत्तर आलं, 'बरं.' मग फोन लावला, तू उचलला नाहीस. तुमच्या आश्रमशाळेत रेंज नसते हे मला माहीत आहे. पण 'बरं' यायला रेंज होती. म्हणून पत्र लिहून राहिलो. शेवटचं पत्र मी शाळेत लिहिलं असेल, दहा मार्कांसाठी, त्यामुळं काही मागंपुढं झालं तर समजून घे.

कसं झालं ते सांगतो. शुक्रवारी सकाळी त्यानं नेहमीसारखं दुकान उघडलं. कोणाच्या तरी बोअरची मोटार जळून आली होती. ती टेबलावर चढवली आणि खाली बसला. गिऱ्हाइकाला म्हणाला, थोडं पाणी द्या. गिऱ्हाईक माठाकडं जाऊन येईपर्यंत तो भिंतीला कलंडला होता. ऑटो दवाखान्यात पोहोचायच्या आतच संपलं. डॉक्टर म्हणाले, हार्ट. चौतीस वर्षांचं हार्ट.

त्याच संध्याकाळी असरच्या नमाजनंतर दफन केलं. मी खांदा दिला. त्याच्या बायकोला, तूबाला, तर काही सुधरत नव्हतं, तिच्या मांडीवर पोरगी झोपलेली. हाजराबी अम्मी रडत नव्हत्या. गर्दीतून त्यांनी मला हात करून बोलावलं आणि विचारलं, "सुगत न्हाई आला?" मी म्हणालो, लांब हाय अम्मी, किनवटच्याही पुढं जंगलात शाळा, एवढ्या लवकर कसा पोहोचणार. त्या म्हणाल्या, "सहा वर्षं झाली, एवढी लांब हाय का?"

मी बाजूला होऊन चपला शोधायला लागलो.

सतरा वर्षांचे होतो आपण. तू नांदेडहून आलास, मी निलंग्याकडच्या खेड्यातून, आणि क्लाससाठी दोघांनी मिळून अम्मीच्या माडीवरची खोली घेतली. डॉक्टर व्हायचं होतं दोघांनाही. तू मास्तर झालास, मी डाळ मिलमध्ये मशिनी दुरुस्त करत बसलो, आणि खालच्या मजल्यावर राहणारा घरमालकिणीचा पोरगा मोटार वाइंडिंग शिकून आपल्या दोघांच्याही आधी मिळवायला लागला. पहिल्या कमाईतून त्यानं आपल्या तिघांना सारखे शर्ट घेतले होते. माझा अजून आहे. बसत नाही.

जे झालं ते झालं, सुगत. त्यानं तुझ्या दादाला ती गोष्ट सांगितली असेल, नसेल. माणूस आता राहिला नाही. गेलेल्या माणसावर राग धरून काय मिळणार? एकदा येऊन अम्मीला भेटून जा. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

तब्येतीला जप.

तुझा
रेवण


लातूर
२ फेब्रुवारी २०२५

सुगत,

तुझा मेसेज मिळाला. 'रेवण, मी त्याला माफ केलं. अम्मीला सांग, माझ्या मनात काही नाही. येणं जमणार नाही.'

आठ दिवस मी तो फोनमध्ये घेऊन फिरलो. अम्मीला सांगितला नाही. मला तो सांगता येणार नाही. का, ते लिहितो, पण आधी दुसरं लिहू दे. एकदम लिहायला बसलो तर हात पुढं जाणार नाही.

मागच्या सोमवारी तूबानं मला घरी बोलावलं. गिऱ्हाइकांच्या मोटारी दुकानात पडून आहेत, कोणाची कोणती ते जुबेरच्या फोनमध्येच होतं. ती म्हणाली, "भाई, तुम्ही बघून सगळ्यांना फोन लावा, मला त्यांचा फोन उघडायचं धाडस होईना." मी नंबर शोधत खाली खाली गेलो आणि तुझं नाव आलं.

त्रेचाळीस मेसेज आहेत, सुगत. सहा वर्षांचे. सगळ्यांपुढं एकेकच टिक. तू त्याला ब्लॉक केलंस, त्यामुळं एकही तुझ्यापर्यंत गेला नाही, आणि त्याला ते माहीत असणार. तरी लिहीत राहिला. मी ते वाचायला नको होते. वाचले. काही तुला सांगतो.

पहिला त्याच दिवसांतला. 'सुगत, मी सांगितलं न्हाई. एवढं वाच. मग बोलू नको वाटलं तर नको बोलू.'

बुद्धपौर्णिमेचा एक. 'अम्मीनं खीर केली. तू आला न्हाईस म्हणून विचारून राहिली, पोराची कसली परीक्षा हाय का. मी हाव म्हणलो.'

कोरोनातला. 'तिकडं कसं हाय? फक्त ठीक एवढं लिही.'

एक दोन वर्षांपूर्वीचा. 'आज दुकानात एक जण दुसऱ्याला बायल्या, छक्का म्हणून हसून राहिला. मी म्हणलो, हितं असलं बोलायचं न्हाई. तो म्हणला, तुला काय लागलं? मी म्हणलो, लागलं. तुझं नाव घेतलं न्हाई. कोणाचंच घेतलं न्हाई.'

शेवटचा एक जानेवारीचा. 'नवं साल. तू कसा हायस?'

आता ते लिहितो.

कलम ३७७ वरच्या कोर्टाच्या निकालाची बातमी पेपरात आली तो दिवस तुला आठवत असेल. २०१८, सप्टेंबर. तू नांदेडहून आला होतास. आपण जुबेरच्या दुकानात बसलो होतो, मी पेपर मोठ्यानं वाचत होतो, आणि मी त्यावर काहीतरी बोललो. काय बोललो ते इथं लिहीत नाही, तुला माहीत आहे. जुबेर हसला नाही म्हणून मी परत बोललो. तेव्हा तू म्हणालास, "रेवण, थांब. मी तसाच हाय. मला पोरं आवडतात. पहिल्यापासून."

जुबेरच्या हातात अर्धी बांधलेली कॉइल होती. त्यानं ती खाली ठेवली, रेडिओ बंद केला, शटर अर्ध्यावर ओढलं. हात पुसत तुझ्यापुढं येऊन बसला. म्हणाला, "सांगितलंस, बरं केलंस. मला यातलं काई म्हाईत न्हाई. विचारलेलं चालंल का? एखादी गोष्ट नको वाटली तर न्हाई सांगायची." मग म्हणाला, "आधी मी तुझ्यासमोर काई वाईट बोललोय का?" तू म्हणालास, "बोललास. दोनदा." त्यानं विचारलं, कधी कधी. तू सांगितलंस. त्यानं दोन्ही वेळचं ऐकून घेतलं, मधी तोंड घातलं नाही, 'मस्करी होती रे' असं म्हणाला नाही. शेवटी म्हणाला, "चुकलं माझं." आणि मग, "आता काय म्हणायचं? म्हणजे कोणता शब्द? तुला बोचणार न्हाई असा सांग, तोच वापरतो."

तू रडायला लागलास. मी तुला त्याआधी रडताना कधी पाहिलं नव्हतं, आपला परीक्षेचा निकाल लागला तेव्हाही नाही.

आणि मी काय विचारलं? मी विचारलं, "माझ्याबद्दल तसलं काही न्हाई ना तुझ्या मनात?" विचारता विचारता स्टूल मागं सरकवलं. तू ते बघितलंस. मग मी विचारलं, डॉक्टरला दाखवलं का. जुबेर मला म्हणाला, "रेवण, त्याला ताप आलाय का?"

निघताना तो म्हणाला होता, "कोणाला सांगायचं, कधी सांगायचं, ते तू ठरीव. आमच्या तोंडून जाणार न्हाई." आमच्या म्हणाला. माझ्या वतीनंही बोलला तो. मी मान हलवली होती.

सुगत, त्यानं नागसेनदादाला सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.

पुढच्या मार्चमध्ये दादा लातूरला आले होते. तुझ्यासाठी उदगीरची एक मुलगी बघितली होती, पाकिटात तिचा फोटो होता. तू नाही म्हणत होतास आणि कारण सांगत नव्हतास. मिलच्या गेटवर येऊन त्यांनी मला विचारलं. मला त्या मुलीचं वाईट वाटलं. उद्या तुझं लग्न लावून दिलं असतं तर तिच्या जन्माचं काय झालं असतं? म्हणून बोललो.

एवढंच. आता तू काय ठरवायचं ते ठरीव.

रेवण


लातूर
९ फेब्रुवारी २०२५

सुगत,

आठवडा झाला, तुझा फोन नाही, मेसेज नाही. मी फोन करत नाही. फोनवर मला खोटं पटकन जमतं, कागदावर थोडा वेळ लागतो.

मागच्या पत्रात मी मुलीचं लिहिलं. ते खरं नाही. म्हणजे नंतर मी स्वतःला तेच सांगत आलो, इतक्या वेळा की मला ते खरं वाटायला लागलं होतं. पत्र पेटीत टाकून घरी आलो आणि जेवायला बसलो, तेव्हा बायकोनं, जिला पत्रातलं काही माहीत नाही, विचारलं, "आज हलकं वाटून राहिलं का तुम्हाला?" मला हलकं वाटत नव्हतं.

दादांनी गेटवर काय विचारलं ते लिहितो. फोटो दाखवून ते म्हणाले, "रेवण, खरं सांग. हा लग्नाला तयार न्हाई. तुझं बी लगीन न्हाई अजून. सुट्टीला तुम्ही सोबत, गावाला सोबत, एका खोलीत राहिलात चार वर्षं. काय भानगड हाय तुमची?"

तुमची म्हणाले. आमच्या मिलचा वॉचमन धोंडप्पा तिथंच उभा होता, बिडी ओढत. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. आणि मी म्हणालो, "दादा, मी तसा न्हाई. तोच तसा हाय."

त्या मुलीचा विचार तेव्हा माझ्या डोक्यात नव्हता. तिचा चेहराही मी नीट बघितला नव्हता. मला फक्त धोंडप्पाचं बघणं थांबवायचं होतं.

दादा ओरडले नाहीत. फोटो पाकिटात घातला. म्हणाले, "अजून कोणाला म्हाईत हाय?" मी म्हणालो, मला अन् जुबेरला. त्यांनी सायकल स्टँडच्या कठड्याला हात टेकला. मग एसटी स्टँडचा रस्ता विचारला. त्यांना रस्ता माहीत होता, सुगत. किती वेळा आले होते.

पुढचं तुझ्यावरच गेलं. दादांनी तुला घरात पाय ठेवू नको म्हणून सांगितलं, तुझ्या आईला, कोंडाबाईंना, काहीतरी वेगळंच कारण दिलं. लातूरच्या दोस्ताकडूनच कळलं, एवढंच ते तुला बोलले, नाव घेतलं नाही. तू मला फोन केलास. तुझा आवाज बसला होता. "रेवण, कोणी सांगितलं?" मी म्हणालो, "मी न्हाई." मग तूच म्हणालास, "म्हणजे जुबेर." मला तिथं नाही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "मला काय म्हाईत? त्याचं तोंड थोडं सैल हाय, दुकानात दहा माणसं येतात."

दुसऱ्या दिवशी जुबेर मिलमध्ये आला. काम सोडून त्याच्याबरोबर चिंचेखाली जाऊन उभा राहिलो. तो म्हणाला, "सुगतचा फोन आला होता. तू सांगितलंस का म्हणला. मी न्हाई म्हणलो. त्यो म्हणला, रेवण बी न्हाई म्हणतो." माझ्याकडं बघत राहिला. शिवी देईल, मारेल असं वाटलं. मारायला पाहिजे होतं. म्हणाला, "आता त्याला घर राहिलं न्हाई. मी तुझं नाव घेतलं तर त्याला दोस्त बी राहणार न्हाई, माझ्यावर तर त्याचा इश्वास बसणारच न्हाई. एक तरी माणूस असू दे त्याला. तू सोता सांग. दिवाळीच्या आत सांग."

मी म्हणालो, सांगतो.

त्या दिवाळीला त्यानं विचारलं. पुढच्या दिवाळीलाही विचारलं. मग विचारायचं सोडलं. माझ्याशी बोलणं कधी सोडलं नाही. मी दुकानात गेलो की चहा मागवायचा, तुझी खबर विचारायचा. "जेवतो का नीट? शाळा कशी हाय? त्याला कोणी हाय का बोलायला?" मी म्हणायचो, मजेत हाय. मला काय माहीत होतं? वर्षातून चार फोन करायचो तुला, आणि ती गोष्ट येऊ नये म्हणून सारखा बोलत राहायचो. सहा वर्षांत एकदाही मी तुला विचारलं नाही, सुगत, तुझं कोणी आहे का. एवढ्या साध्या प्रश्नाला मला सहा वर्षं लागली. आता विचारतो. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

जुबेरनं तुझ्यासाठी एक माणूस ठेवला होता. त्यानं चुकीचा ठेवला.

रेवण


लातूर
२७ फेब्रुवारी २०२५

सुगत,

काल जुबेरचा चाळिसावा दिवस झाला. मला बोलावणं होतं. जेवणं उरकल्यावर माणसं पांगली, त्याचे चुलते मकबूलचाचा, अम्मी आणि मी राहिलो. तूबा आत होती.

अम्मी म्हणाल्या, "रेवण, मला एक सांग. सुगत का येईना? माझ्या पोरानं त्याचं काय केलं होतं? मनात काही घेऊन गेला का तो?"

तुझा मेसेज माझ्याजवळ होता. तो वाचून दाखवला असता तर अम्मीला बरं वाटलं असतं, आणि तिच्या पोरानं काहीतरी केलं होतं हेही कायमचं ठरून गेलं असतं. मी म्हणालो, "अम्मी, जुबेरनं काही केलं न्हाई. मी केलं. सुगतनं आम्हा दोघांना विश्वासानं एक गोष्ट सांगितली होती. ती मी फोडली. आळ जुबेरवर जाऊन राहिला, मी जाऊ दिला."

मकबूलचाचा म्हणाले, "कसली गोष्ट?"

"ती मी न्हाई सांगणार."

"आता काय राहिलंय लपवायला? पोरगा मातीत गेला. पैशाचं होतं? बाईचं?"

"चाचा, ती गोष्ट माझी न्हाई. सुगतची हाय. त्याला वाटलं तर तो सांगंल."

चाचा उठून उभे राहिले. मला वाटलं, आता हात उचलतील. त्यांनी तीनदा विचारलं. मी तीनदा नाही म्हणालो. सुगत, हे वाक्य मला यायला लागलं होतं. मिलच्या गेटवर एवढंच तर म्हणायचं होतं. दादा, ते त्याला विचारा. धोंडप्पाला माझ्याबद्दल काय समजायचं ते समजू दिलं असतं तर काय बिघडलं असतं? आजही तो मला गेटवर सलाम करतो. त्याला ते आठवतसुद्धा नसेल.

अम्मींनी चाचांना बसवलं. मला विचारलं, "माझ्या पोराला माहीत होतं, तू केलंस म्हणून?"

"हाव."

"तरी तुला घरात घेत होता?"

"हाव, अम्मी."

त्या आतल्या दाराकडं वळल्या. मग आतून ताट मागवलं. म्हणाल्या, "मघाशी तू जेवला न्हाईस, मी बघितलं. जेव. जुबेरच्या नावाचं हाय. जेव अन् जा. मग येऊ नको."

मी जेवलो. त्या समोर बसून होत्या. ताटात काही ठेवलं नाही.

गिऱ्हाइकांच्या मोटारींचं काम मी दुसऱ्या एका वाइंडिंगवाल्याकडं दिलं आहे. फोन तूबाला परत केला. तुला यायचं असेल तर ये, मी त्या गल्लीत दिसणार नाही.

रेवण


किनवट
२४ मार्च २०२५

रेवणसिद्ध,

तुझी चारही पत्रं मिळाली.

आधी एक सांगतो. ती तू शाळेच्या पत्त्यावर पाठवलीस. इथं आलेलं टपाल शाळेच्या ऑफिसच्या टेबलावर पडतं, ज्याला हवं तो उचलून बघतो. दुसऱ्या पत्राची कड उघडी होती. वाटेत फाटली की कोणी उघडली, मला कळलं नाही. मी दोनशे मुलांच्या वसतिगृहात राहतो. एक शब्द बाहेर पडला तर माझी नोकरी जाईल आणि नोकरीपेक्षा वाईट असं बरंच काही होईल. चार दिवस मी हेडमास्तरांच्या, शिपायाच्या, स्वयंपाकिणीच्या तोंडाकडे बघत फिरलो. काही झालं नाही. पण तू माफी मागतानाही मला विचारलं नाहीस की कुठे लिहू. जुबेरनं आधी तेच विचारलं असतं.

गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी मी लातूरला येऊन गेलो. मकबूलचाचा मला कब्रस्तानात घेऊन गेले. माती अजून नीट बसलेली नाही. चाचा लांब जाऊन उभे राहिले. मी सोबत काही नेलं नव्हतं, काय न्यायचं असतं ते मला माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली.

मग घरी गेलो. अम्मींचा रोजा होता. त्यांनी मला पाणी दिलं, चहा करायला लागल्या, मी नको म्हणालो. त्या म्हणाल्या, "रेवण म्हणला, तुझी गोष्ट तूच सांगशील. नको सांगू. तू आलास, पुरे झालं."

मी सांगितली. त्यांना, त्यांच्या घरात बसून, माझ्या तोंडानं. हे माझ्या आईला मी अजून सांगू शकलेलो नाही. आई मला नांदेडच्या स्टेशनवर भेटायला येते, डबा आणते, आम्ही बाकावर बसून जेवतो आणि गाडी आली की ती म्हणते, दादाचा राग जाईल रे.

अम्मींनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "बेटा, मला हे समजत न्हाई. आमच्यात चालत न्हाई. तुमच्यात चालतं का?" मी म्हणालो, "न्हाई चालत, अम्मी." त्या म्हणाल्या, "मंग तू एकटाच हायस की." त्यात कीव नव्हती. अंगणात उभं राहून कोणी म्हणावं, ऊन फार आहे, तसं म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, "जुबेरला सांगितलंस तेव्हा तो काय म्हणला?" मी त्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. सांगितलंस बरं केलंस, विचारलेलं चालंल का, सगळं. त्या म्हणाल्या, "परत सांग." मी परत सांगितलं. तूबा दारात येऊन उभी राहिली होती. तिच्यासाठी तिसऱ्यांदा सांगितलं. मगरिबची अजान झाली, रोजा सोडायची वेळ, तेव्हा अम्मींनी पहिला खजूर माझ्या हातावर ठेवला आणि दुसरा स्वतः घेतला.

तुझ्यावर मी रागावलो आहे की नाही, ते मला सांगता येणार नाही. रागवायला जी जागा लागते ती सध्या दुसऱ्याच गोष्टीनं भरली आहे. जुबेर मला 'न्हाई' म्हणाला होता. एकदाच म्हणाला, पण नीट म्हणाला. तरी मी तुझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवला. का ठेवला, याचा मी इथं महिनाभर विचार केला. जुबेर मला विचारायचा. त्या सहा महिन्यांत प्रत्येक भेटीत काहीतरी विचारायचा, चुकलं तर सुधारून घ्यायचा. तू कधीच काही विचारलं नाहीस. आणि बातमी फुटली तेव्हा मला वाटलं, ज्याला एवढं जाणून घ्यायचं होतं, त्यानंच बाहेर सांगितलं असणार. माझ्याशी नीट बोलणाऱ्या एकुलत्या एका माणसावर, तो नीट बोलतो म्हणूनच मी संशय घेतला. हे तू केलेलं नाहीस. हे माझं आहे.

दादांचं दार बंद झालं त्याचं दुःख मी केलं. जुबेरचं करायचं राहून गेलं, कारण तो मला दगाबाज वाटत होता. आता एकदम करावं लागतंय, आणि वर्गात मुलं बसलेली असतात.

तू विचारलंस, माझं कोणी आहे का.

होता. किनवटच्या रेल्वेत कामाला होता. नाव सांगणार नाही. साडेतीन वर्षं आम्ही दर रविवारी भेटायचो, बाजारातून भाजी आणायचो, तो भाकरी करायचा, मला जमत नाही म्हणून हसायचा. २०२३ च्या जूनमध्ये त्याच्या घरच्यांनी त्याचं लग्न ठरवलं आणि त्यानं हो म्हटलं. मला सांगायला आला, तेव्हा हातात त्याच्या खोलीवरचा माझा टॉवेल घडी करून आणला होता. तो परत द्यायला आला होता.

तो गेल्यावर मला कोणाशी तरी बोलायचं होतं. जुबेरचा नंबर मी काढला आणि ठेवून दिला. मग तुला फोन केला. तू उचललास आणि लगेच सुरू झालास, गावाकडच्या नव्या बोअरला किती फुटांवर पाणी लागलं, कोणती मोटार बसवली, पाइप किती गेला. अकरा मिनिटं बोललास. मी मधे दोनदा 'रेवण' म्हणालो. शेवटी तू म्हणालास, "बाकी मजेत ना?"

मी हो म्हणालो.

सुगत